तीन मिनिटं बेचाळीस सेकंद

ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू जगात नाही, असं ग्रंथपालांचं मत होतं. त्यामुळे मंगळवारी सकाळी संगणकाने परस्पर स्वतःला अद्ययावत करून घेतलं आणि वीस वर्षं वापरातला म्युझिक प्लेअर उघडेनासा झाला, तेव्हा त्यांनी आधी पेन उचललं. 'मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. प्लेअर बंद.' एवढं लिहून झाल्यावर मग ते घाबरले.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण हाताची सवय काही सुटली नव्हती. घरच्या संगणकावर त्यांनी एक्केचाळीस हजार तीनशे बारा गाणी जमवली होती. जुन्या तबकड्यांवरून, कॅसेटींवरून, सीड्यांवरून, ओळखीच्यांच्या माळ्यांवरून. यातल्या एकाही फाइलला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. कुठला क्रमांक म्हणजे कुठलं गाणं, कोणी गायलेलं, किती लांबीचं, हे सगळं अकरा जाडजूड रजिस्टरांत निळ्या शाईने लिहिलेलं होतं. यंत्राला फार माहिती देऊ नये, यंत्र आज आहे उद्या नाही, असं ते म्हणत. त्यांची बायको शेजारच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की यातली एक्केचाळीस हजार गाणी त्यांनी अजून ऐकलेलीच नाहीत.

दहा वाजता ताईचा फोन आला. ताई म्हणजे ग्रंथपालांची थोरली बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावात राहणारी. खरं तर फोन करायचे ते ग्रंथपाल, दर रविवारी, दहाच्या ठोक्याला. मंगळवारी ताईचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलं असणार हे त्यांनी ओळखलं.

"सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे माझं," ताई म्हणाली. "रविवारी तुझ्याकडे मुक्कामाला येते. तिथून दवाखाना जवळ पडतो."

"ये की."

"आणि माझं ते गाणं आहे ना तुझ्याकडे? बाबांनी टेपवर घेतलेलं? ते ऐकव मला. भूल द्यायच्या आत ऐकायचंय."

ग्रंथपाल 'हो' म्हणाले आणि त्यांनी पहिलं रजिस्टर पुढे ओढलं. त्या गाण्याचा क्रमांक होता एक. रजिस्टराच्या पहिल्या पानावर पहिली ओळ: 'ताई. घरी. टेपवरून. ३ मि. ४२ से.' गाण्याचे बोलसुद्धा लिहिलेले नव्हते, कारण ते गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. टेपवरून संगणकावर उतरवून घेताना ते यंत्र चालू करून गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. लहानपणी घरात एकच खोली होती तेव्हाची गोष्ट. ताई गायची, आणि बारा वर्षांचा भाऊ परीक्षेचं घोकायचा. त्याने एक दिवस कटकट केली आणि ताईने गाणं सोडलं ते कायमचं. आपल्यामुळे घरातली एक गायिका गेली, हे त्यांना आयुष्यभर टोचत राहिलं. एक्केचाळीस हजार गाण्यांचा हा पसारा मुळात त्या टोचणीतूनच उभा राहिला होता, आणि रविवारचा फोनही. ताईशी बोलून झाल्यावर ते नवा प्लेअर शोधायला बसले.

"मग एक फाइल उघडायला प्लेअर कसला शोधताय?" बायको दाराशी येऊन म्हणाली. तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. "दुसऱ्या कशातही लावा की."

"संग्रहाला साजेसा प्लेअर हवा. ताईला काय आडवाटेने ऐकवायचं? रीतसर खरेदी समिती बसवू."

"समितीत कोण?"

"मी अध्यक्ष. तू सदस्य."

ग्रंथालयात साधी शिडी घ्यायची तरी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवायची, असा नियम होता. ग्रंथपालांनी एका तावावर उभे-आडवे रकाने आखले. पाच प्लेअर, चौदा निकष. सदस्याने टाचण्या बाजूला ठेवून सही केली.

बुधवारी पहिला प्लेअर उतरवून घेतला. दिसायला देखणा होता, पण उघडल्या उघडल्या त्याने 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून वीस गाणी पुढे केली. "चाळीस वर्षं संसार करून मला तुमची आवड कळली नाही, आणि याला दोन मिनिटांत कळली," सदस्याने मत नोंदवलं. प्लेअर बाद झाला.

दुसऱ्याने सगळी गाणी निमूट वाचली आणि एकाच गायकाच्या नावावर चढवली. गायकाचं नाव 'अज्ञात कलाकार'. एक्केचाळीस हजार तीनशे बारा गाणी गाणाऱ्या या माणसाबद्दल बायकोला बराच आदर वाटला. तिसरा नऊ हजारांवर येऊन जो थांबला तो चहा होईपर्यंत हलला नाही. चौथा ग्रंथपालांना मनापासून आवडला, कारण त्याच्यात रंग नव्हता, चित्र नव्हतं, नुसत्या ओळी होत्या. फक्त त्याला 'वाज' म्हणायचं तरी एक हुकूम टाइप करावा लागे, आणि त्या हुकमांचं पुस्तक चारशे पानांचं होतं. ग्रंथपाल ते वाचायला बसले, तेव्हा सदस्याने रविवारची आठवण करून दिली.

पाचवा प्लेअर गुरुवारी संध्याकाळी बसवला. त्याने संग्रह तपासला आणि एक पाटी दाखवली: 'तुमच्या संग्रहातील ४१,३१२ गाण्यांची माहिती अपूर्ण आहे. पूर्ण करू?'

अपूर्ण हा शब्द ग्रंथपालांना लागला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामाला तो कोणी लावला नव्हता. करून दाखव बघू काय पूर्ण करतोस ते, असं म्हणून त्यांनी 'होय' दाबलं. खाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलं होतं. दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीपसुद्धा न सोडणाऱ्या माणसाने ते वाचलं नाही, कारण तो रागावलेला होता.

बारीक अक्षरांत असं होतं की प्लेअर प्रत्येक गाणं ऐकेल, ते इंटरनेटवरच्या गाण्यांशी ताडून पाहील, त्याला नाव देईल आणि योग्य त्या कप्प्यात हलवेल. हे काम तो शुक्रवारी दुपारी चार वाजेपर्यंत करत होता. चार वाजता ग्रंथपालांनी संग्रह उघडला, तर एकही क्रमांक जागेवर नव्हता. एक क्रमांकाचं गाणंही नव्हतं.

"अहो, पण तुमची ती दुसरी डिस्क आहे ना?" बायको म्हणाली. "सगळ्याची नक्कल असते म्हणता ती?"

"आहे ना," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग ते कपड्यांच्या कपाटाकडे गेले, चादरींखालची डिस्क काढली, जोडली, आणि नेमकं काय काढून घ्यायचं त्याची यादी करायला बसले. यादी दोन तास चालली. सहा वाजता डिस्कवरचा छोटा दिवा लुकलुकू लागला. दर शुक्रवारी सहाला, डिस्क जोडलेली असेल तर, संग्रहाची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरावी, अशी व्यवस्था त्यांनीच करून ठेवली होती.

"म्हणजे आता दोन्हीकडे सारखाच घोळ?"

"तंतोतंत," ग्रंथपाल म्हणाले. इतक्या दुःखातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

घोळ साधा नव्हता. प्लेअरला जे ओळखू आलं ते त्याने नीट लावलं होतं, पण घरगुती ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत त्याने अंदाजपंचे काम केलं होतं. चुकून टेपवर उतरलेलं शिवणयंत्र त्याने 'नृत्यसंगीत' या कप्प्यात घातलं होतं. ग्रंथपालांचं निरोपसमारंभातलं भाषण 'शांत झोपेसाठी' या सदरात निघालं. बायकोला हे वर्गीकरण बिनचूक वाटलं, पण त्या दिवशी ती काही बोलली नाही.

शनिवारी सकाळी ग्रंथपाल पहिलं रजिस्टर मांडीवर घेऊन नुसते बसून होते. बायकोने पान वाकून पाहिलं.

"लांबी लिहिलीय की इथे. तीन बेचाळीस. नाव बदललं तरी लांबी कशी बदलेल? कापड कोणाच्याही नावावर टाका, मीटर तेवढेच."

ग्रंथपालांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती पुन्हा टाचण्या शोधू लागली. लांबीनुसार मांडणी केल्यावर तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांची एकशे सत्त्याऐंशी गाणी निघाली. दोघं शेजारी खुर्च्या टाकून बसली. ती काजं करत होती, ते प्रत्येक गाणं थोडं थोडं ऐकून पुढे जात होते. मधूनच ती "थांबा, हे पूर्ण लावा" म्हणायची आणि ते लावायचे. इतकी गाणी त्यांनी एकत्र कधीच ऐकली नव्हती.

चौसष्टावं गाणं लागलं आणि ग्रंथपालांचा हात थांबला. एका तरुण बाईचा आवाज, साथीला काही नाही, सूर असा की बायकोची सुईसुद्धा थांबली.

"हीच," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ काय गायची. आणि मी तोंड बंद करायला लावलं."

"सापडलं ना? मग उठा आता."

"मोजणी अर्ध्यावर सोडायची नसते," असं म्हणून ते पुढे ऐकत राहिले. इथे नियम पाळला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे अर्ध्या तासाने वाटलं.

एकशे एकविसावं गाणं 'निसर्गाचे आवाज' या कप्प्यातलं होतं. आधी घड्याळाचे टोले पडले. मग भांडं पडल्याचा आवाज आला. मग एक मुलगी गाऊ लागली, आणि ती सुराच्या आजूबाजूला फिरत होती, सुरावर येत नव्हती. वरचा स्वर आला की आवाज फाटायचा आणि ती तोच स्वर जास्त जोराने पुन्हा घ्यायची. मागे एक मुलगा इतिहासाच्या सनावळ्या घोकत होता. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, हळू ना गं. माझं पाठ होत नाहीये." आणि टेप संपली.

मग बायको हळूच म्हणाली, "तुमचा आवाज अजून तसाच आहे."

"उद्या चौसष्टावं लावायचं," ग्रंथपाल म्हणाले.

"अहो, ती दुसरीच कोणी बाई आहे."

"माहितीये मला. ताई ऑपरेशनला चाललीय. तिने काय हे ऐकून जायचं?" त्यांनी रजिस्टर उघडलं आणि क्रमांक एकसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून चुकीची नोंद केली. अक्षर थोडं वाकडं आलं.

रविवारी ताई आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दवाखान्याची पिशवी. खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून तिने डोळे मिटले. ग्रंथपालांनी चौसष्टावं लावलं. पूर्ण तीन मिनिटं बेचाळीस सेकंद ताई हलली नाही. संपल्यावर तिने डोळे उघडले.

"छान गातेय. कोण रे ही?"

"कोण काय, ताई? तूच."

"मी?" ताईने काठीने जमिनीवर दोनदा ठोकलं. "माझ्यात घड्याळ आहे, आणि आई भांडं पाडते. आणि तू रडतोस. ते लाव."

ग्रंथपालांनी बायकोकडे पाहिलं. बायको दोऱ्याचं रीळ शोधू लागली. इलाज नव्हता, त्यांनी एकशे एकविसावं लावलं. पहिल्याच वरच्या स्वराला ताई हसू लागली, आणि भांडं पडलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. शेवटी मुलगा म्हणाला, "ताई, हळू ना गं," तेव्हा ग्रंथपालांनी मान खाली घातली.

"ताई, माझ्यामुळे तुझं गाणं सुटलं. कितीदा बोलायचं म्हणत होतो."

"तुझ्यामुळे कशाला सुटेल? बाबांनी त्याच संध्याकाळी टेप परत लावून ऐकवली मला. ऐकलं आणि सोडलं. कान शाबूत होते माझे."

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तू नोकरीला लागलास तसा दर रविवारी फोन करायला लागलास. बाकी कोणाचा धाकटा भाऊ असा फोन करत नाही. म्हटलं, राहू दे टोचतंय तर." ताईने पिशवी जवळ ओढली. "आता भूल देणार म्हणतात. या वयात काही सांगता येत नाही. म्हटलं त्याआधी तुला मोकळा करून टाकावा."

ताई काठीवर रेलून पडद्याकडे बघत होती. "'निसर्गाचे आवाज'," तिने वाचलं. "या यंत्राला कळतंय हो सगळं. हेच ठेव." खरेदी समितीचा निर्णय असा एकमताने झाला. ग्रंथपालांनी चुकीची नोंद खोडून तिच्यावर सही आणि तारीख घातली.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला दवाखान्यात ताईच्या उशाशी फोन वाजला.

"आता कशाला केलास?" ताई म्हणाली. "मोकळं केलं ना तुला?"

"रविवार आहे," ग्रंथपाल म्हणाले. "आणि एक्केचाळीस हजार गाण्यांना पुन्हा क्रमांक द्यायचेत. प्रत्येक ऐकावं लागणार. तू तशीही सहा आठवडे पडून आहेस."

पलीकडून पलंगाची उशाकडची बाजू वर घेतल्याचा आवाज आला.

"दोन नंबर लाव," ताई म्हणाली.