शरणप्पांची दुपारची फेरी

भर दुपारी बारा वाजता रिकाम्या माळावर एक माणूस वाकतो, डोकं सांभाळतो, नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून टाकतो आणि एक पाऊल आत जाऊन तिथंच खाली बसतो. हे आमचे शेजारी शरणप्पा. जन्मभर एस्टीत कंडक्टर होते. आता निवृत्त आहेत, पण हे फक्त एस्टीला माहीत आहे. हातातला जुना तिकिटाचा पंच टकटक वाजवत ते काट्याकुट्यातून चालतात आणि मध्येच हाक देतात, "कुंभारगल्ली. उतरा, कुंभारगल्ली." उतरायला सरड्याशिवाय कुणी नसतं. मग मागं वळून विचारतात, "मागं कुनी राह्यलं का?" एखाद्या म्हातारीला उतरायला लागेल तेवढा वेळ थांबतात, आणि तोंडानंच डबल बेल देऊन पुढं निघतात.

आमचं गाव सास्तूरजवळचं. भूकंपात ते पडलं. सरकारनं नवं बांधून दिलं मैलभर अलीकडं, वहीच्या रेघांसारख्या सरळ गल्ल्यांचं. जुन्या जागेवरची दगडमाती सपाट झाली, वर बाभळी माजल्या. बाराच्या उन्हात तिकडं कुणी फिरकत नाही, शेळ्यासुद्धा माघारी वळतात. मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी भूकंपानंतर मी तिकडं पाऊल टाकलेलं नव्हतं.

अप्पांना हे चालण्याचं वेड लागलं ते महानंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, कॅन्सरनं गेल्यावर. शहरातल्या एका संशोधन संस्थेची मोहीम होती. शंभर दिवस, रोज दहा हजार पावलं चालायचं, आणि लोकांनी त्या चालण्यावर कॅन्सरच्या संशोधनासाठी देणगी द्यायची. एक दिवस खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून. अप्पांच्या गुडघ्यांचं आधीच खोबरं झालेलं. मी म्हटलं, "अप्पा, ह्या वयात कशाला हा उपद्व्याप?"

"डाक्टरीणबाई म्हणल्या, ह्या रोगावर अजून औषध शोधायलेत. म्हणलं, तुमी शोधा. तवर म्या चालतो."

"मग चांगला डांबरी रस्ता सोडून तिकडं कशाला? आणि तेही बाराला?"

"बाराला गर्दी नसती, गुरुजी."

देणगी दिली की अप्पा कागदाचं तिकीट फाडून त्याला पंच मारून देत. त्यावर देणाऱ्याच्या जुन्या घराचं ठिकाण लिहिलेलं असे, आणि त्या दिवशीची फेरी त्या घरावरून जाई. आधी लोक हसले. मीही हसलो. मग म्हातारी माणसं अप्पांच्या दारात यायला लागली. "आमच्या दारावरनं बी न्या की, अप्पा," म्हणायची. तिकीट घेऊन जायची आणि देवाजवळ ठेवायची.

एकदा अप्पांनी मला मोबाईल दाखवला. आपण चालतो त्या वाटेची निळी रेघ त्यात उमटते. मी गंमत म्हणून तो आईला नेऊन दाखवला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"ही आपली गल्ली. हितं रेघ वाकडी झाली न्हवं का, हितं आड होता. त्यो आडाला वळसा घालून गेलाय." मग तिनं मोबाईल पालथा ठेवला. "शरणप्पा भूकंपानंतर आला रं. लगीन झालं तवा. त्यानं जुनं गाव पायलंच न्हाय."

त्या दिवशी वर्गात मी सातचा पाढा दोनदा चुकलो.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी अप्पांचा गुडघा टम्म सुजला. नव्याण्णवावा दिवस त्यांनी काठीवर काढला. शंभराव्या दिवशी आई म्हणाली, "तू संगट जा. पडला वाटंत तर समदं पान्यात." मला जायचं नव्हतं. पण रविवार होता, सबब सापडली नाही.

वारा नव्हता. सावल्या पायाखाली गेलेल्या. अप्पा वळले तिथं मी वळलो. एका जागी त्यांनी चपला काढल्या, वाकले, पाय उचलून आत टाकला आणि बसले. मीही वाकलो. का वाकलो ते सांगता येणार नाही.

"हिचं म्हायेर," ते म्हणाले. "दवाखान्यात हिला झोप न्हवती. मला घरी न्या म्हनायची. नव्या न्हाय, ह्या. म्हणलं, मला वाट ठावं न्हाय, तू सांग, म्या नेतो. मग रोज सांगायची. समद्या गावाची घरं सांगितली तिनं. डावीकडं वळा. आड हाय, जपून. चौकट ठेंगनी हाय, वाका. म्या तितंच पलंगाजवळ वाकायचो. लई हसायची." त्यांनी पंच उगाच दोनदा दाबला. "उंबरा वलांडला, अन् ती गेली. आत कुटं काय हाय, ते सांगायचं राह्यलं. म्हणून म्या हितंच बसतो. फुडचं मला ठावं न्हाय."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

परतीची पावलं तेवढी उरली होती. अप्पा काठीवर रेलून उठले आणि सवयीनं मागं वळले. "मागं कुनी राह्यलं का?"

ते थांबले. माळावर काहीच हललं नाही. मीच बोललो.

"आमची शकू राहिली, अप्पा. आडाजवळच्या घरात. माझी धाकटी बहीण."

अप्पांनी खिशातून तिकीट काढलं. पंच वर धरला. "पुरं का अर्धं?"

"चार वर्षांची होती."

त्यांनी पंच खाली घेतला. तिकीट खिशात ठेवलं.

"मग तिकीट लागत न्हाय, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "कडेवर घ्या."

आम्ही आडाला वळसा घातला. मी आमच्या दाराशी वाकलो. मग अप्पांनी डबल बेल दिली आणि आम्ही नव्या गावाकडं निघालो. शाळेच्या फाटकाशी मोबाईलनं दहा हजार पूर्ण झाल्याचं सांगितलं. माझा डावा हात तोवर वाकवलेलाच होता, आणि चांगला भरून आला होता.