के दाबा, एंटर मारा

खुर्च्या बनवणाऱ्या त्या कंपनीत विक्री विभागाचे एक उपप्रमुख होते. त्यांना सगळे पाठीमागे ‘फलक’ म्हणत, कारण मोकळी भिंत दिसली की तिच्यावर सूचना टांगल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कूलरवर ‘पाणी पिताना गप्पा मारू नयेत’, जिन्यात ‘उतरताना घाई, चढताना आळस करू नये’ आणि आरशाखाली ‘आपण कामावर आहात’. प्रमुखांची जागा नुकतीच रिकामी झाली होती. ती आपल्यालाच मिळणार, याबद्दल फलकांना तिळमात्र शंका नव्हती. मधे फक्त आजची दुपार उभी होती. दुकानदार जिच्यावर ऑर्डरी नोंदवतात ती कंपनीची साइट मालकीणबाईंना मोठ्या पडद्यावर उघडून दाखवायची होती.

सकाळी रंगीत तालीम म्हणून त्यांनी ब्राउझरच्या वरच्या पट्टीत नेहमीसारखा ‘के’ दाबला, एंटर मारला, आणि उघडली ती प्रतिस्पर्धी कंपनीची साइट. मऊ, गुबगुबीत, पाठीला वळण असलेली खुर्ची पडद्यावर गोल गोल फिरू लागली.

यात ब्राउझरची काही चूक नव्हती. स्वतःच्या कंपनीच्या खुर्चीत बसून बसून फलकांची कंबर कामातून गेली होती आणि त्यांनी गुपचूप घरी प्रतिस्पर्ध्याची खुर्ची आणली होती. घेण्याआधी रोज बघत होते आणि घेतल्यावर कौतुकानं बघत होते. दोन्ही साइटचे पत्ते इंग्रजी ‘के’नंच सुरू होत आणि ब्राउझरला निष्ठा-बिष्ठा कळत नाही. ज्याच्या दारात जास्त खेटे घालाल, त्याचं नाव तो आधी काढतो.

फलकांनी घाम पुसला आणि बायकोला फोन लावला.

“अगं, वरच्या पट्टीत आपोआप पत्ता येतो ना, तो घालवायचा कसा?”

“कुठला पत्ता?”

“खुर्चीचा.”

“मग येऊ दे की. सांगा मालकीणबाईंना, तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला उठवायला दोघं लागतात.”

“चेष्टा पुरे. घालवायचा कसा ते सांग.”

“अहो, के टाइप करा, खाली ओळी येतील. त्यातल्या त्या एका ओळीवर बाण न्या, कडेला फुली दिसेल, ती दाबा. पण एकच ओळ पुसा हं, नाहीतर...”

“मला शिकवू नकोस!” असं म्हणून फलकांनी फोन ठेवला. फोन शिकण्यासाठीच केला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

एक ओळ पुसणं हे किरकोळ माणसाचं काम. फलक थेट सेटिंगमध्ये शिरले. ‘गेला तास’, ‘गेला आठवडा’ आणि ‘सुरुवातीपासून सगळं’ असे पर्याय आले, तेव्हा त्यांनी बाणेदारपणे शेवटचा निवडला. मग त्यांना वाटलं, एकट्याचंच यंत्र कोरं दिसलं तर संशय येईल. म्हणून त्यांनी ‘माहिती सुरक्षा दिन’ असा फलक टांगला आणि कचेरीतल्या प्रत्येक संगणकाची स्मरणशक्ती स्वहस्ते धुऊन काढली.

“साहेब, माझं कशाला पुसताय?” स्वागतिका म्हणाली. “मी एकच तर साइट उघडते.”

“घाण आपल्याला दिसत नसते,” फलक गंभीरपणे म्हणाले.

दुपारी मालकीणबाई आल्या आणि कंपनीच्याच खुर्चीत ताठ बसल्या. त्या खुर्चीत दुसरं काही करताच येत नसे. फलकांनी प्रस्तावना केली, ‘के’ दाबला आणि ऐटीत एंटर मारला.

मोठ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: ‘के हे रोमन वर्णमालेतील अकरावे अक्षर आहे.’

“हे मला माहीत होतं,” मालकीणबाई म्हणाल्या. “साइट कुठंय?”

फलकांनी पुन्हा के दाबला. तो अकरावाच निघाला.

“साइटचा पत्ता काय आहे?” मालकीणबाईंनी सगळ्यांना विचारलं.

“के,” सगळे एका सुरात म्हणाले.

“केच्या पुढे?”

“पुढे एंटर,” स्वागतिका म्हणाली.

खरा पत्ता केनंतर आडव्या रेघा आणि आकड्यांचा लांबलचक होता, आणि साइट दुकानदारांपुरतीच असल्यानं शोधूनही सापडत नसे. साइट बनवणाऱ्या इंजिनिअरनं नोकरी सोडण्याआधी तो एकदा टाइप करून दिला होता आणि त्यानंतर कुणी तसदी घेतली नव्हती. कुणाच्या मोबाइलमध्येही तो नव्हता, कारण ‘कंपनीची साइट मोबाइलवर उघडू नये’ हा फलकही फलकांचाच.

“एखाद्या दुकानदाराला विचारू का?” फलक पुटपुटले.

“आपल्याच घराचा पत्ता गिऱ्हाइकाला विचारणार?”

“मग त्या इंजिनिअरलाच विचारू या ना, साहेब,” स्वागतिका म्हणाली.

“नको!” फलक इतक्या जोरात ओरडले की त्यांची कंबर लचकली.

“का नको? लावा,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुमच्याच फोनवरून. आणि स्पीकरवर ठेवा.”

फोन लागला.

“बोला साहेब! कंबर काय म्हणतेय?”

“ते राहू दे. आपल्या ऑर्डरीच्या साइटचा पत्ता सांग.”

“मला तरी कुठं पाठ आहे? थांबा, के दाबतो. हां, आली बघा.”

“तुमच्याकडे कशी आली?” मालकीणबाईंनी विचारलं.

“आमच्याकडे रोज सकाळी उघडतात की, तुमचे भाव बघायला. कोण बोलतंय?”

फलकांनी घाईघाईनं पुन्हा पत्ता विचारला. इंजिनिअर मनमोकळा माणूस होता. त्यानं पत्ता सावकाश सांगितला आणि वर म्हणाला, “साहेब, खुर्ची पाठीला लागतेय ना नीट? नसेल तर बदलून देतो. तुमच्या कंपनीसारखं नाही आमच्याकडे, बदलून मिळते.”

पत्ता टाइप झाला, साइट उघडली, पण तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मालकीणबाईंनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं.

“आपली खुर्ची कुठं टोचते?”

फलकांनी अनेक उत्तरं मनात जुळवली, पण तोंडातून नोकरीतलं पहिलंच खरं वाक्य निसटलं. “सगळीकडे.”

मालकीणबाई कंबर धरून खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, “अभिनंदन. उद्यापासून तुम्ही प्रमुख.”

“मी?”

“तुम्हीच. आपली खुर्ची कशी आहे हे माहीत असूनही ती इतकी वर्षं विकलीत. असा विक्रेता मला कुठून मिळणार?”

प्रमुखांची केबिन दर्शनी भागात होती, चारी बाजूंनी काचेची. तिच्यात कंपनीची सगळ्यात भारी खुर्ची ठेवण्यात आली. उशी ठेवायला परवानगी नव्हती, चेहरा हसरा ठेवायचा होता. बाहेर स्वागतिकेनं स्वतः हौसेनं फलक टांगला: ‘आमचे प्रमुख दिवसभर याच खुर्चीत बसतात.’ दुकानदार काचेला नाक लावून बघून जात.

आता के दाबला की फलकांच्या ब्राउझरमध्ये सगळ्यात आधी कंबरेच्या डॉक्टरांचा पत्ता येतो. तेवढी एक ओळ पुसायची, हे त्यांना आता पक्कं कळलं आहे. पण त्यासाठी पुढे वाकावं लागतं.