पोथीत नसलेला सण

रामकिशन ‘व्हय’ म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात भाकरीचा घास होता. घास गिळून विचार केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आधी बोलायचं आणि मग गिळायचं, ही त्याची लहानपणापासूनची पद्धत. (सातवीत शाळा सुटली ती याच पद्धतीनं. गुरुजी वैतागून म्हणाले, “जमत नसेल तर घरी जा,” आणि हा दप्तर उचलून निघालासुद्धा.)

मागणी पुतणीची होती. प्रियदर्शनी पुसेगावातल्या इंग्लिश शाळेत दुसरीला. उद्या शाळेत नाताळ, प्रत्येकानं घरी सजवलेलं झाड आणायचं, असं मॅडमनी सांगितलेलं.

“सोपं असतंय काका,” ती म्हणाली. “पप्पा म्हनले होते, आवंदा आपुन करू.”

तिचे पप्पा म्हणजे रामकिशनचा थोरला भाऊ प्रमोद. मृगात शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला. तेव्हापासून घरानं वर्ष पाळलेलं. पोळ्याला बैल सजले नाहीत, दिवाळीला आकाशकंदील लागला नाही. वहिनी, म्हणजे सरिता, दिवसाला चार शब्द बोलायची, त्यातले तीन ‘जेवून घ्या भाऊजी’ हे असायचे. पोरीनं सगळं मुकाट सोसलं आणि आता हा एकच सण मागितला.

“न्हाई,” रामकिशनची आई गोजरबाई चुलीपासून म्हणाल्या. “वरीस फिरंस्तोर ह्या घरात सण न्हाई.”

“पन आई, ह्यो आपला सण कुठं हाय? दुसऱ्याच्या सणाला आपला दुखवटा कसा लागंल?”

गोजरबाईंचा हात परातीतच थांबला. या पोरानं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विचार करायला लावलं होतं. शेवटी शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, पुंजाजीबुवांना बोलावणं गेलं. बुवांनी चष्मा लावला, पोथी चाळली, चहा प्याला, पुन्हा पोथी चाळली.

“नाताळाचं नावच न्हाई हिच्यात,” ते म्हणाले. “नाव न्हाई, म्हंजी मनाई बी न्हाई.”

झालं. रामकिशन अंगणातून पळतच सुटला. (कुठं, ते वाटेत ठरवायचं होतं.) मोबाईलवर पाहिलं तर एक बाई हिरव्या झाडाला कापूस चिकटवून बर्फ करत होती. त्याला तिची कीव आली. त्यानं शेतातली छातीएवढी पऱ्हाटी मुळासकट उपटली. वेचणीतून राहिलेला कापूस तिच्यावर आपोआप फुटलेला होता.

“बघ प्रियू. आपल्याकडं बर्फ झाडालाच लागतंय.”

प्रियूनं उड्या मारल्या. रंगीत गोळ्यांच्या जागी घरामागच्या वाडग्यातली जांभळी वांगी लटकली. वहीच्या पुठ्ठ्याची चांदणी झाली. (तिला पाच टोकं असतात हे रामकिशनला ठाऊक होतं; कापून झाल्यावर सात निघाली.)

“काका, घंट्या बी पायजेत.”

घंट्या होत्या, पण प्रमोदच्या पत्र्याच्या पेटीत. बैलांचं पोळ्याचं सामान तोच जपायचा. त्या पेटीला मृगापासून कुणी हात लावला नव्हता. रामकिशननं ती तीनदा उघडली आणि तीनदा लावली. चौथ्यांदा प्रियूनंच झाकण धरून ठेवलं. घुंगरमाळांच्या वर अर्धा विणलेला गोंडा होता, लाल दोऱ्यात सुई तशीच अडकलेली.

“ह्ये अर्धंच हाय.”

“ते तसंच राहू दे,” रामकिशन म्हणाला, आणि पुढं बराच वेळ काही बोलला नाही. (गोजरबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. हे पोरगं गप्प म्हणजे ताप असणार.)

सकाळी घुंगरमाळ झाडाला गुंडाळून त्यानं झाड खांद्यावर घेतलं. छुम, छुम. गोठ्यात सरदार बैलानं रवंथ थांबवला. आठ वर्षं हा आवाज आला की त्याला आंघोळ, मग गळ्यात माळ, मग पुरणपोळी मिळायची. यंदा ते राहून गेलं होतं, आणि का राहिलं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात वीतभर उंचीची कागदी झाडं ओळीनं मांडलेली. मध्ये रामकिशननं आपली पऱ्हाटी उभी केली.

“हे काय आहे?” प्रियंका मॅडम म्हणाल्या.

“झाड हाय मॅडम. ओरिजनल.”

“आणि ही वांगी?”

“ती बी ओरिजनल.”

मॅडम पुढं काही विचारणार, तेवढ्यात फाटकाकडून आरडाओरडा झाला. सरदार दाव्यासकट खुंटा उपटून, तो खडखड ओढत आत आला होता.

“काका, सरदार आला,” प्रियू कुजबुजली.

“तिकडं बघू नको. वळख दाखवली का जवळ येतंय.”

सरदारला ओळखीची गरज नव्हती. वाटेत दोन कागदी झाडांची चव घेत तो व्हरांड्याशी आला. पोरं बाकांवर चढली. मॅडम खुर्चीवर चढल्या.

“बैल कुणाचा आहे हा?”

“कुनाचा हाय काय की,” रामकिशन म्हणाला. सरदारनं मागून त्याचा कान चाटला.

मग सरदार पऱ्हाटीपुढं मान खाली घालून उभा राहिला. रामकिशननं दावं ओढलं, पाठीवर थाप मारली, मागून खांदा लावून ढकललं. बैल होता तिथंच. रामकिशन मात्र घसरून प्राचार्यांच्या कुंडीत बसला.

“काका, उगी वढू नको त्याला,” प्रियू म्हणाली. “त्याचा पोळा राहिलाय.”

तिनं झाडाची माळ सोडली, बाकावर चढली आणि सरदारच्या गळ्यात बांधली. गाठ तीच, प्रमोद मारायचा ती. सरदारनं मान हलवली. सगळा व्हरांडा वाजायला लागला, पोरं टाळ्या पिटायला लागली, आणि प्रियू हसली. मृगापासून पहिल्यांदा, पुढचे पडलेले दोन दात दाखवत. रामकिशन कुंडीतून उठायचंच विसरला.

जाताना मॅडमनी डायरीत चार ओळी इंग्रजीत लिहून दिल्या. एवढं इंग्रजी शिक्षेसाठी कोण लिहील? म्हणजे बक्षीसच. रामकिशननं ती डायरी वाटेत चहाच्या हॉटेलात दाखवली, टेलरला दाखवली, उभ्या जीपमधल्या अनोळखी माणसांनाही दाखवली.

घुंगरांचा आवाज ऐकून गोजरबाई दारात आल्या. त्यांनी सरदारच्या गळ्यातली माळ बघितली. मग आत जाऊन भाकरी आणि गुळाचा खडा घेऊन आल्या.

“ह्यो सण न्हाई,” बैलाला भरवताना त्या म्हणाल्या. “दारात आलेल्याला रिकाम्या तोंडी धाडत न्हाईत, एवढंच.”

रामकिशननं डायरी वहिनीपुढं धरली. सरिता बारावी शिकलेली. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले.

“रडू नका वैनी,” रामकिशननं धीर दिला. “पोरीनं नाव काढलंय. काय लिवलंय ते तर सांगा.”

सरिताला हसू आवरेना. भिंतीला टेकून, डोळे पुसत, तिनं मराठीत वाचून दाखवलं:

“प्रियदर्शनीच्या काकांना शाळेत पाठवताना कृपया त्यांच्यासोबत एखादं मोठं माणूस पाठवावं.”

खाली ‘वाचले, मान्य आहे’ अशी पालकाच्या सहीची जागा होती. तिथं रामकिशननं शाळेतच सही ठोकून दिली होती. दोनदा.