हिरव्या गाडीचे आधीचे मालक

सबनीसकाकांना कुठलीही गाडी दिसली की ते पहिला प्रश्न विचारतात, "आधी कोणाची?" गाडी त्याच दिवशी शोरूममधून आलेली असो, बॉनेटवरचा हार अजून ताजा असो, प्रश्न तोच. मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा त्यांनी माझ्या स्कूटरचे तिन्ही मालक वदवून घेतले. बायकोची ओळख करून दिली तर तिचं माहेरचं आडनाव विचारलं, आणि विचारताना हात खिशातल्या वहीकडे गेलाच.

काका आरटीओच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले. एकटेच राहतात. जुन्या गाड्यांची वंशावळ काढणं हा त्यांचा उद्योग. कोणी बोलावलं तर जातात, नाही बोलावलं तरी जातात. "माणूस फेकतो रे, कागद फेकत नाही," असं दिवसातून दोनदा तरी म्हणतात.

फेकणाऱ्या माणसांत माझा नंबर बराच वरचा. चाळिशी उलटल्यावर लोक योगासनं करतात, मी माझ्या वडिलांच्या वयाची एक हिरवी, दोन दारांची गाडी घेतली. विकणारा म्हणाला होता, ही जुहूच्या धावपट्टीवर शर्यत जिंकलेली आहे. त्या एका वाक्यावर मी विरघळलो. मला तेव्हा तिचा रिव्हर्स गिअरही सापडत नव्हता, पण ऑफिसात मी ती शर्यत अशी सांगायचो की जणू मीच स्टिअरिंगवर होतो. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा फॉर्म आला तेव्हा 'स्पर्धांचा इतिहास' या रकान्यात मी ठळक अक्षरात लिहिलं : विजेती.

काकांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, कागद कुठाय? कागद नव्हता. त्यांनी पेन्सिलीने 'विजेती'भोवती गोल केला आणि मला पुढचे चार रविवार कामाला लावलं.

पहिल्या रविवारी गोरेगावला. तिथल्या एका गॅरेजवाल्याने ही गाडी बरीच वर्षं शूटिंगला भाड्याने दिली होती. त्याच्याकडून घाटकोपरच्या एका दातांच्या डॉक्टरांचा पत्ता मिळाला. गाडीच्या जुन्या नोंदणी पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं होतं, पण उरलेल्या तुकड्यावरचा 'र' पाहून काका खूश झाले. हा आमच्या आरटीओतल्या कुलकर्ण्याचा र, म्हणाले, असा पोट सुटलेला र दुसऱ्या कोणाचा नाही. मला तो नुसता र दिसत होता.

डॉक्टरांनी माळ्यावरून एक खोकं काढलं. त्यात शर्यतीचं छापील निकालपत्रक होतं आणि आमच्या गाडीचा नंबर होता. गाड्या पाच, आमची पाचवी. चौथी आल्यावर बऱ्याच वेळाने. चालवणारे देसाई, अंधेरी; गाडीचे पहिले मालकही तेच.

मी महिनाभर ऑफिसात जेवायच्या वेळी कोणाच्या नजरेला नजर मिळवली नाही.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण पहिल्या मालकाशिवाय फाइल पुरी होत नाही, म्हणून चौथ्या रविवारी काका मला अंधेरीला घेऊन गेले. देसाई जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या पत्नी घरी होत्या, नव्वदीच्या, ताठ. त्या काठी टेकत खाली आल्या आणि गाडीच्या दारावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग वर नेऊन त्यांनी आम्हाला चहा दिला.

त्या सांगू लागल्या. शर्यत झाली तेव्हा थोरली आठ दिवसांची होती, त्यामुळे त्यांना जाता आलं नाही. संध्याकाळी हे धुळीने माखून आले, दारातूनच म्हणाले, जिंकलो. कप क्लबातच ठेवतात, घरी देत नाहीत, असंही म्हणाले.

मग त्यांनी काकांच्या मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं.

"तुम्ही एवढं शोधलंत. त्या शर्यतीचं काही सापडलं का हो?"

मी चहाच्या कपात पाहू लागलो. निकालपत्रक त्या फाइलमध्ये वरच होतं. आणि काकांनी आयुष्यात कोणाला सूट दिल्याचं मी पाहिलेलं नव्हतं.

काकांनी फाइल मिटली. "कागद नाही सापडला, बाई," ते म्हणाले. "तुम्ही सांगताय तेच लिहून घेतो."

आणि खरंच वही काढून लिहिलं. मी बाजूला बसून वाचलं : पहिला क्रमांक. माहिती पत्नीकडून, विश्वसनीय.

परतताना पवईला मी न राहवून म्हटलं, काका, कागद होता की.

"होता," ते म्हणाले. समोर रस्त्याकडे बघत पुढे बोलले, "आमची ही गेली तेव्हा मी तिच्या लेखी साहेब होतो. स्वतंत्र केबिन, शिपाई, सगळं सांगितलं होतं तिला. मी शेवटपर्यंत कारकूनच होतो रे. तिने कधी कागद मागितला नाही."

मी तिसऱ्या गिअरमध्येच राहिलो, मागचे हॉर्न वाजवत होते तरी. मुलुंड येईपर्यंत काका तिच्याबद्दल बोलत होते. सहा वर्षं आम्ही शेजारी आहोत. तिचं नाव सुमन होतं, हे मला त्या दिवशी कळलं.