देविदास कंडक्टरचा राखाडी रंग

आमच्या शेजारचा देविदास कापड रंगात टाकायच्या आधी दोनदा घंटी वाजवतो. रंग चढला की एकदा वाजवतो आणि चुलीतली लाकडं मागं ओढतो. घंटी खरीच आहे. अंगणातल्या कडुनिंबाला टांगली आहे, तिला लांब सुतळी बांधली आहे. सारा जन्म आर्वी डेपोत कंडक्टरकी केली. रिटायर झाला, पण गाडीतून काही उतरला नाही.

डबल मारायच्या आधी मागं वळून ओरडतो, "कोनी राह्यलं काय?" मागं असते काय, तर आमची दोघांची मधली भिंत आणि तिच्यावर एक मांजर.

मी चौथी शिकलो. याला येडा म्हणायला तेवढं शिक्षण पुरते.

दोन वर्षं झाली, सिंदी मेघेत त्यानं झाडपाल्याच्या रंगाचा धंदा काढला. सुती ओढण्या रंगवतो. रंगाचं पाणी झाडाला टाकलं तरी झाड मरत नाही, हा त्याचा मोठा अभिमान. गिर्‍हाइकासमोर ते पाणी पिऊनही दाखवलं होतं एकदा. मग दोन दिवस घराबाहेर निघाला नाही.

रंगाला नावं गावांची. कांद्याच्या सालाचा फिका पिवळा म्हणजे वर्धा, आणखी उकळला की पुलगाव, तांबूस झाला की आर्वी. एक बाई म्हणाली, मले पुलगाव आन् आर्वीच्या मधातला पायजे. हा म्हणाला, "मधात स्टॉप नाई, बाई."

रोज सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात. रामराम नाही, काही नाही. "भाऊ, कांदा कापला काय?"

माझी सरू होती तेव्हा त्याच्यासाठी कांद्याची, डाळिंबाची सालं सुपात वाळवून ठेवायची. त्याला कंडक्टर भावजी म्हणायची. गेल्या वर्षी ती गेली. आता एकट्याले कांदा लागते किती? मी अर्ध्या कांद्याचं साल देतो, तर तेही तो तिकिटासारखं दोन बोटात धरून पिशवीत टाकतो.

यंदा नागपूरची एक दुकानवाली बाई त्याच्याकडं आली. तिनं सगळी गावं बाजूला सारली आणि खालून एक जुनी राखाडी ओढणी काढली. वीस ओढण्या अशाच पाहिजे, म्हणाली, दिवाळीच्या आधी. पहिलीच मोठी ऑर्डर. देविदास हो म्हणून बसला. तो रंग त्याच्या हातून जन्मात एकदाच झाला होता.

"जमला तं गाडी चालली, भाऊ," मला म्हणाला. "नाई जमला तं घंटी काढतो आन् पुतन्याकडं अमरावतीले जाऊन बसतो."

मग सुरू झालं. डाळिंबाच्या सालाचं पाणी स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळलं, पिवळं निघालं. त्यात खिळे टाकले, काळं निघालं. बैलाची नाल टाकली, दाढीची पाती टाकली, गुळाच्या पाण्यात भंगार कुजवलं. त्या वासानं मांजरानं भिंत सोडली. मी म्हटलं, "देविदास, आता मले टाक त्याच्यात. मीही जुना गंजेल हाय." तो म्हणाला, "तुमचं वजन जास्त हाय, भाऊ. लगेज लागन."

दिवाळी आठ दिवसांवर आली. एक दिवस सकाळी तो आलाच नाही. मी अर्ध्या कांद्याचं साल घेऊन गेलो, तर हा शिडीवर चढून घंटी सोडवत होता.

खाली दोरीवर ती राखाडी ओढणी होती. मी हातात घेतली. उन्हात धरल्यावर मला सरूचा आवाजच ऐकू आला. ही ओढणी रंगवली त्या दिवशी याचा गंज गळत होता, आणि हा आमची लोखंडी कढई घेऊन गेला होता. रंग पाहून सरू म्हणाली होती, "भावजी, हा तं माह्या केसायचा रंग उतरला."

"अरे, हे तं सरूच्या कढईत झालतं," मी म्हटलं.

तो शिडीवरून खाली पाहत म्हणाला, "मले माहीत हाय."

"मंग काऊन नाई मागितली? दोन महिने भंगार उकळून राह्यला."

त्यानं सुतळीची गाठ चाचपली. मग म्हणाला, "वयनीनं शेवटची वांग्याची भाजी केलती तिच्यात. तुमी धुतली नाई अजून. सालं न्याले येतो तं खुटीवर दिसते मले."

मी घरी आलो. कढई खुंटीवरून काढली. काठाला भाजीचा काळा पापुद्रा होता. नळाखाली बसलो, राख घेतली, नारळाच्या शेंडीनं घासली. घासायला वेळ लागला. धुतल्यावर आत काही नव्हतं, नुसतं लोखंड.

नेऊन त्याच्या चुलीवर ठेवली. "ओढण्या दोन-दोनच टाकजो," म्हटलं. "आन् वापस देजो."

घंटी पुन्हा बांधली होती. सालं उकळली, पाण्याला रंग आला. देविदासनं सुतळी धरली, सवयीनं मागं वळला आणि म्हणाला, "कोनी राह्यलं..." आणि माझ्याकडं पाहून तिथंच थांबला. डबल मारेना. कढईतून वाफ वर येत होती, तरी सुतळी धरून उभाच.

शेवटी मीच म्हटलं, "कोनी नाई. मार."