अंपायर दारात उभा

बन्सीनानाला कोणी "या" म्हणल्याशिवाय तो कोणत्याच दारातून आत जात न्हाई. दार सोयऱ्याचं असो नाहीतं सरकारचं. आम्ही दोघं नवीन जालन्यात बियाण्याची चौकशी करायला एका ऑफिसात गेल्तो. काचेचं दार, माणूस जवळ आला की आपोआप सरकायचं. सरकलं. मी आत, नाना बाहेर. दार बंद झालं, पुन्हा सरकलं, पुन्हा बंद झालं. वॉचमन वैतागला.

"काका, दार उघडंय ना? चला की आत!"

"'चला' न्हाई. 'या' म्हण."

वॉचमननं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणलं, "म्हण बाबा. तुझं काय जातंय?"

"या," तो म्हणला, आणि नाना नवरदेवासारखा आत आला.

हे खूळ त्याला एका पुस्तकानं लावलं.

केदारखेड्यात आमच्या घराला लागून नानाची पिठाची गिरणी हाये. लग्न केलं न्हाई. सारी उमर त्या खडखडाटात गेली, त्यानं कान अर्धे गेलेले. केसापासून नखापर्यंत पांढरा, पापण्या सुदीक पांढऱ्या. सणाला आंघोळ करून निघाला की गल्लीतली कुत्री त्याला ओळखत न्हाईत, भुंकतात.

अंबडहून येताना एसटीच्या सीटवर कोणीतरी विसरलेलं पुस्तक त्याला सापडलं. विटेएवढं जाड, काळं, वर लाल अक्षरं. लाईट गेली की गिरणी बंद, आणि नानाचं वाचन चालू. आवाज मात्र गिरणी चालू असल्यासारखाच. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया पोत्यांवर बसून ऐकायच्या.

"हा व्हँपायर हाये," नानानं पहिल्या दिवशी सांगितलं. "मेलाय, पण मरत न्हाई. माणसाचं रक्त पितो."

मी चौथी पास. मला ऐकू आलं अंपायर. म्हणलं, "अंपायर तं क्रिकेटात असतो. त्याला रक्त काहून लागतं?"

"अंपायर न्हाई रे, अप्पा! व्हँ! व्हँपायर!"

पण एकदा पडलेलं नाव निघतंय कुठं? साऱ्या गल्लीसाठी तो अंपायरच झाला.

त्या अंपायरला एक नियम होता. घरातल्या माणसानं "ये" म्हणल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत न्हाई. लांडगे त्याला भितात, राजे भितात, आणि गडी एका शब्दासाठी अडतो. त्याची बायको साधी माणूस. ती म्हातारी झाली, हा तसाच तरणा. ती मेली. मंग हा आपल्याच घराच्या दारात येऊन उभा राहिला. आत "ये" म्हणणारं कोणी न्हाई.

इथं आल्यावर नानाचा आवाज बसला. गालावरच्या पिठातून दोन ओघळ खाली आले.

"तीनशे वर्षं, अप्पा," तो म्हणला. "आपल्याच दारात!"

पोत्यांवरच्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या. लाईट आली, तरी कोणी "दळण टाका" म्हणलं न्हाई. मी लई माणसं रडताना पाहिली, पण कागदावरच्या खोट्या मेल्या माणसासाठी सारी गिरणी रडती, हे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला छापलेल्या अक्षराची धास्ती वाटली. देवळात गेल्यावर वाटते तशी.

माझी बायको कौसा ज्वारीचा डबा मांडीशी धरून तिथंच बसल्ती. तिनं विचारलं, "भाऊजी, मंग त्या अंपायरला कोणी बोलावलं का न्हाई?"

"अजून तिथवर आलो न्हाई, वहिनी."

त्या दिवसापासून नाना दारादारात अडायला लागला. सांजेला आमच्याकडं चहाला यायचा, तो आता उंबऱ्याशी थांबायचा, चौकटीला हात टेकून. कौसा चुलीपासून ओरडायची. तो बहिरा, म्हणून गाव ऐकंल एवढ्यानं: "भाऊजी, या! पीठ सांडू नका!" मंग हा आत. पीठ सांडायचंच.

"तूच बिघडवलं ह्याला," मी तिला म्हणायचो.

पोळ्याच्या आधी कौसा गेली. दोन दिवसांच्या तापात. तेराव्यापर्यंत नाना अंगणातल्या मांडवाखाली बसून होता. मंग दिसंना. मी मनातून उखडलो. म्हणलं, चहा करणारी गेली तशी ह्याची दोस्ती बी गेली. दळण वरच्या आळीतल्या गिरणीत न्यायला लागलो. सांजेला मागच्या दारी बसायचो, कौसाच्या शेळीजवळ. पुढचं दार उघडंच राहायचं.

एक दिवस चौकटीवर पांढरा पंजा दिसला. पोरांचा चाळा, म्हणून पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं. ज्वारीचं पीठ.

त्या सांजेला मी दाराआड बसलो. नाना आला. चौकटीला हात टेकला, मान वाकडी करून बरा कान आत केला आणि तसाच उभा राहिला. मी पुढं झालो.

"काय करून राह्यला?"

दचकला. "काही न्हाई. आल्तो."

"रोज येतो?"

"रोज."

"मंग आत काहून येत न्हाई?"

"कोणी म्हणलं न्हाई." मंग तो हळू बोलला. हा माणूस हळू बोलतो हेच मला ठाऊक नव्हतं. "म्हणजे, म्हणलं असंल बी, अप्पा. मी बहिरा. वहिनी आतून म्हणल्या असतील, मलाच आलं नसंल ऐकू. म्हणून जरा कान देऊन थांबतो."

मंग कौसाचा सवाल मीच विचारला. "तुझ्या अंपायरला शेवटी बोलावलं का कोणी?"

"न्हाई. पुस्तक संपलं. तो उभाच."

मला कौसासारखं ओरडता येत न्हाई. तरी सारा जोर लावून ओरडलो, "भाऊजी, या! पीठ सांडू नका!"

म्हातारा दोस्ताला भाऊजी म्हणतोय, म्हणून समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन पाहायला लागली. पाहू द्या म्हणलं.

नानानं पाय झटकले आणि आत आला. चहा मी केला, पाणचट झाला. पीठ सांडलं, दारापासून चुलीपर्यंत. मी झाडू घेतला न्हाई.