डावी बाजू मुकी

"रविवारपर्यंत दोन्ही बाजूंनी वाजला नाही, तर हा ठोकळा भंगारात," सरांच्या बायकोनं बजावलं.

ठोकळा म्हणजे लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलेला ॲम्प्लिफायर. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी तो माळ्यावरून उतरवला, जुन्या बाजारातून दोन स्पीकर आणले आणि कमी खर्चात स्टीरिओ उभा करायचं मनावर घेतलं. स्पीकर जोडण्याआधी तपासणी हेडफोनवर. डावी बाजू मुकी.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सरांनी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. त्यांनी वायरी बदलल्या. मग डावी-उजवी वायर आलटूनपालटून लावली. शेवटी हेडफोनही नवा आणला आणि डाव्या-उजव्याची खूण बघूनच कानांवर चढवला. डावी मुकीच. सगळं वहीत नोंदलं गेलं.

जेवताना डावीकडे बसलेल्या बायकोनं काहीतरी दोनदा विचारलं आणि ताट आपटून ती उठली. हिला एवढा राग कसला आला, हे सरांना कळेना.

सरांनी ठोकळा दुकानात नेला. मेकॅनिकनं हेडफोन घालून मान डोलावली. "सर, दोन्हीकडून खणखणीत!"

"घरी वाजत नाही."

"मग घरची वीज तपासा."

वायरमन आला. सरांची शंका ऐकून त्यानं पक्कड खाली ठेवली. "काका, विजेला डावं-उजवं नसतं."

रविवारी भंगारवाला दारात उभा राहिला. "द्या इकडे," म्हणत बायकोनं हेडफोन घातला आणि अख्खं गाणं ऐकलं. "वाजतंय की हो! दोन्हीकडून!"

"अशक्य."

तिनं चष्म्याविनाच हेडफोन सरांच्या डोक्यावर चढवला. डावी मुकीच होती. सरांनी खूण चाचपली. हेडफोन उलटा बसला होता. म्हणजे आठवडाभर वाजणारी उजवी बाजू आता डाव्या कानावर मुकी झाली होती आणि मुकी डावी उजव्या कानावर गात होती.

सरांनी वही उघडली. सगळं बदलून झालं होतं, एक वस्तू सोडून.

"मग आता भंगारात मी?" त्यांनी हळूच विचारलं.

बायकोनं त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला. "दोन वर्षं मी डावीकडून बोलतेय. मला वाटायचं, तुम्ही मुद्दामच ऐकत नाही."

तिनं भंगारवाल्याला परत पाठवलं आणि आपली खुर्ची उचलून सरांच्या उजवीकडे आणली. सरांनी बटणाकडे हात नेला, तशी तिनं प्लगच काढला.

"गाणं नंतर. आधी दोन वर्षांचं राहिलंय."